अभ्यासिकेचं कुंपण

एका गावात एक भोळे भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. नाव निवृत्ती ढेपे, गाव बोरखेडी. वरून साहेब सांगतील ते शब्दाला शब्द करायचं, हाच त्यांचा धर्म. स्वतःचं डोकं त्यांनी नोकरीला लागल्यापासून इतकं जपलं होतं, की ते अगदी कोरं राहिलं होतं.

एकदा वरून पत्रक आलं, की तरुणांना गावच्या विकासात सामावून घ्या. सोबत अभ्यासिकेसाठी दोन कपाटं भरून पुस्तकं आली. तालुक्याचे साहेब फोनवर म्हणाले, "ढेपे, सरकारी वस्तू आहे. धूळ बसता कामा नये."

भाऊसाहेबांनी पुस्तकं प्लास्टिकमध्ये बांधली आणि खोलीला कुलूप घातलं.

गावातली अकरा पोरं-पोरी तलाठी भरतीचा अभ्यास करत होती. ती बाहेर पायरीवर बसून एकच फाटकं पुस्तक फिरवत राहिली. त्यांच्यात गावंड्यांची नवी सून मयुरी होती. सासूबाईंनी तिला एकाच परीक्षेची मुभा दिली होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर गोठा.

साहेब पाहणीला आले. पुस्तकांवर धूळ नव्हती. कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. साहेब तापले. "अहो, वस्तू वापरायला असते. दार उघडं ठेवा. येईल त्याला येऊ द्या, घेईल त्याला घेऊ द्या."

"बरं साहेब," भाऊसाहेब म्हणाले आणि धडा पाठ केला.

अभ्यासिका उघडली. त्याच आठवड्यात वृक्षलागवड निघाली. अकरा जणांनी माळावर दोनशे खड्डे खणले, रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं. फोटोत झारी धरून साहेब उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या फाटकापाशी शेळ्या आल्या. भाऊसाहेबांना धडा पाठ होता. त्यांनी फाटक सताड उघडलं. येईल तिला येऊ दिलं, घेईल तिला घेऊ दिलं. शेळ्यांनी दोनशे रोपं घेतली. साहेबांच्या नावाची पाटी तेवढी ठेवली, कारण ती पत्र्याची होती.

साहेब पुन्हा तापले. "ढेपे, लहान आहेत तोवर कुंपणात ठेवायचं असतं. मोठी झाली, की मग मोकळं. रोज पाणी घालायचं आणि किती जगली ते कळवायचं."

"हे आधी सांगायला हवं होतं साहेब," भाऊसाहेब म्हणाले आणि हाही धडा पाठ केला.

पण आता कुंपणात ठेवायला रोपच उरलं नव्हतं. भाऊसाहेबांनी पत्रक पुन्हा काढलं. पहिल्याच ओळीत छापलं होतं, की तरुण म्हणजे उद्याचा वटवृक्ष. भाऊसाहेबांना हायसं वाटलं. उद्याचा, म्हणजे आज लहान.

परीक्षेचा दिवस उजाडला. सातच्या एस.टी.ने तालुक्याला जायचं होतं. शेवटची उजळणी करायला अकराही जण सहालाच अभ्यासिकेत जमले. खिडक्यांना गज होतेच. भाऊसाहेबांनी दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि माळावरची काटेरी तार आणून चांगले तीन वेढे देऊन गुंडाळली.

पोरांनी दार बडवलं, हाका मारल्या, शिव्याही दिल्या. भाऊसाहेब प्रत्येकाला एकच सांगत होते, की लहान आहात तोवर कुंपण, मोठी झालात की मोकळं. मयुरी हॉलतिकीट हातात धरून खिडकीशी आली.

"भाऊसाहेब, माझं लग्न झालंय. मी मतदान करते. अजून किती मोठं व्हायचं?"

"ते मी कसं सांगू वहिनी? साहेब ठरवतील."

"मग बोलवा त्यांना."

"पुढल्या महिन्यात येणारच आहेत. पाहणीला."

फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. एकदा वाजला, दोनदा वाजला, मग गाडी निघून गेली. भाऊसाहेबांनी झारी भरून आणली आणि खिडकीतून अकरा जणांवर नेमानं पाणी घातलं. मयुरीच्या हॉलतिकिटावरची शाई ओघळली.

गावकऱ्यांनी तार तोडेस्तोवर दुपार झाली. मयुरी घरी गेली. सासूबाईंनी शेणाची पाटी दारातच ठेवली होती.

भाऊसाहेबांनी त्याच संध्याकाळी अहवाल धाडला: "एकूण तरुण अकरा. जगले अकरा. प्रमाण शंभर टक्के. वाढ अद्याप नाही."

आठ दिवसांनी अहवाल परत आला. त्यावर साहेबांनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं: "उत्तम. तालुक्यातल्या सर्व गावांनी असंच करावं. तार वरून मिळेल."