रावबाने शर्यत बसवली

एका गावच्या शाळेत एक भोळा शिपाई होता, रावबा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. घोटाळा तिथंच व्हायचा.

पाऊस सरला, शाळेभोवती गाजरगवत फुललं. वाऱ्यावर पराग उडाले आणि पोरं शिंकायला लागली. चौथीतल्या मैनाला तर दमा. आठवड्यावर तालुक्याची शर्यत आली होती, ती याच मैदानावर. डॉक्टर म्हणाले होते, "छाती मोकळी राहिली तर पंप घेऊन पळू दे." मैना दिवस मोजत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "रावबा, वारा सुटला की दारं-खिडक्या लावून घे."

मधल्या सुट्टीत वारा सुटला. रावबाने सगळं लावून घेतलं. वर्ग रिकामे, पोरं बाहेर शिंकतायत.

"अरे देवा! आधी सगळं आत घ्यावं, मग दार लावावं!"

"चुकलं बाई. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गाजरगवत उपटायला सांगितलं. रावबाने सारं मैदान साफ केलं. मग सगळं गवत चौथीच्या वर्गात आणलं आणि दार लावून घेतलं.

वर्गात शिंकांचा तोफखाना! मैनाला धाप लागली. बाईंनी तिला बाहेर आणून बसवलं, पंप दिला. थोड्या वेळाने ती हसली.

"बघून ठेव," बाई म्हणाल्या. "धाप लागली की आधी खाली बसवायचं. श्वास शांत होईपर्यंत उठू द्यायचं नाही. कुणी का असेना!"

"चुकलं बाई. आता तसंच करीन."

शर्यतीचा दिवस उजाडला. मैनाने पंप घेतला आणि रांगेत उभी राहिली. शिट्टी वाजली. पोरी सुटल्या. शेवटच्या फितीजवळ उभ्या रावबाने पाहिलं तर काय, सगळ्याच पोरींना धाप! तो हात पसरून आडवा उभा राहिला.

"बस गं बाय. तू पण बस."

"काका, शर्यत चाललीय!"

"चालू दे की. तू बस."

आठही पोरी बसल्या. सात जणी त्याच्यावर ओरडत होत्या, त्यांची धाप कशी जाणार? मैनाने मात्र रोजच्या सवयीने ओठांचा चंबू केला आणि हळूहळू श्वास सोडला.

"काका, माझा श्वास झाला शांत."

"बेचा पाढा म्हण. न थांबता."

मैनाने म्हटला.

"ऊठ."

मैना उठली आणि चार ढांगांत फीत तोडून पहिली आली.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाकडून तालुक्याचे साहेब पळत आले. "अरे गाढवा, हे काय..." पुढचं बोलवेना. धाप लागली होती.

रावबाने त्यांनाही बसवलं.

संध्याकाळ झाली. पोरी घरी गेल्या. साहेब अजून मैदानातच. श्वास जरा शांत होतो, तेवढ्यात समोर रावबा दिसतो, साहेब भडकतात, आणि पुन्हा धाप लागते.

"बसा साहेब," रावबा म्हणतो. "काही घाई नाही."