आईची दृष्ट

"…पण मुलांना कळायच्या आत हे जाईल का, माई?"

डोंगरावरच्या मठात माई धुनीतली राख सारत होत्या. ऐंशीच्या घरातली जोगीण, पण कान तिखट. समोर पायथ्याच्या गावची रेवती बसली होती. तिची दोन पोरं, सहा वर्षांची जुई आणि तीन वर्षांचा गणोबा, अंगणात उड्या मारून घंटेला हात पुरतो का ते पाहत होती.

"काय जायला हवंय?"

"भीती. सकाळी डोळा उघडला की छातीवर येऊन बसते. मग दिवसभर हातपायच उचलत नाहीत."

"डॉक्टर?"

"आहेत. गोळ्या चालू आहेत. पिठाच्या डब्यात ठेवते, कुणाला दिसू नयेत म्हणून."

"गोळ्या सोडू नकोस… आणि मुलं?"

रेवतीची मान ताठ झाली. "मुलांना ताकास तूर लागू दिलेला नाही. त्यांच्यासमोर मी रडले नाही, माई. एकदाही."

"शाबास," माई म्हणाल्या. हे कौतुक की टोमणा, रेवतीला कळेना.

"त्यांची दृष्ट काढतेस?"

"रोज तिन्हीसांजेला. फार भीती वाटली तर दुपारीसुद्धा."

"आणि तुझी कोण काढतं?"

रेवतीला हसू आलं. "माझी कोण काढणार? सासूबाई गेल्या. घरात आता थोरलं कुणी नाही."

"धाकटं आहे की… ए जुई, दृष्ट काढता येते का गं तुला?"

जुई धावतच आली, मागोमाग गणोबा. "येते. सगळी पाठ आहे मला."

"लेकरानं आईची काढायची? हे उलटंच झालं. आणि मिरच्या काय धुनीत टाकायच्या, माई?"

"धुनी माझी आहे. तू पाटावर बस."

मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या जुईच्या मुठीत मावेनात. पण एवढ्या थोर कामावर नेमणूक झाल्यामुळे तिच्या अंगात वारं शिरलं होतं. तिने गणोबाला दम भरला, "हलायचं नाही," आणि आईवरून मूठ उतरवायला सुरुवात केली.

"आल्याची, गेल्याची, शेजारपाजारची…" सूर थेट रेवतीचाच.

मग ती थबकली. "पण हे तर आमचं. आईचं वेगळं असेल ना?"

"असेल," माई म्हणाल्या.

जुईचे डोळे चमकले. "भिंतीकडे तोंड करून झोपण्याची. न्हाणीघरात नळ सोडून रडण्याची. पिठाच्या डब्यातल्या गोळ्यांची. 'काही नाही गं' म्हणण्याची…"

"कुकरला घाबरण्याची," गणोबाने भर घातली.



"…लागली असेल ती जळून जावो." जुईने मूठ धुनीत टाकली.

तडतड झाली आणि धूर उसळला. माई खोकल्या, गणोबा खोकला, रेवतीच्या नाकातोंडातून पाणी आलं. जुई खोकत खोकत नाचू लागली. "ठसका लागला, ठसका लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच. आई, तुला कुणाचीच दृष्ट लागलेली नाही."

तिचा नाच पाहून माई हसल्या. रेवतीही हसली, पण तिच्या डोळ्यांचं पाणी काही थांबेना.

"मिरचीनं का गं, आई?"

"काही ना…" रेवतीची जीभ अडखळली. "नाही, जुई. मिरचीनं नाही."

जुईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ती सरळ तिच्या मांडीत येऊन बसली. "आता मी काढणार," म्हणत गणोबा मिठाच्या भांड्याकडे पळाला.

रेवती खालच्या आवाजात म्हणाली, "एवढीशी पोर, माई… तिच्या डोक्यावर हे ओझं कशाला?"

माईंनी पदराने डोळे पुसले.

"कधीपासून आहे, ते तिलाच विचार… आज सांगेल."