धन्याच्या हुकमाशिवाय

एका राज्यात भरदरबारात राजाचा दगड झाला. राजाचं नाव धवलसेन. हातातला विडा हातातच राहिला, ओठ अर्धे उघडे राहिले. हे केलं सात समुद्रांपलीकडून आलेल्या एका गोऱ्या जादूगाराने. पाहुणा म्हणून आला, पंक्तीला बसून श्रीखंडपुरी ओरपली आणि वर हे असं! खाल्ल्या मिठाला जागणं त्याच्या गावीही नव्हतं.

जादूगार गरजला, "या राज्याच्या धन्याच्या हुकमाशिवाय हा दगड हलायचा नाही. आणि धनी तर हाच!"

मग त्याने दरबाराला पहारा बसवला, वेशीला बसवला, तोफखान्याला बसवला. जनान्याला मात्र बसवला नाही. का म्हणाल, तर त्याच्या देशात घरोघरी एक चित्र टांगलेलं असे. कारंज्याकाठी राण्या लोळताहेत, द्राक्षं खाताहेत, जांभया देताहेत. चित्र काढणाऱ्याने जनान्याचा उंबराही पाहिला नव्हता, पण अडलंय कोणाचं!

थोरली राणी मानकुवर हिला बातमी दिली साळुंकीने. "राणीसाहेब, दसऱ्याचं सोनं लुटायच्या आत महाराज सुटले नाहीत तर जन्माचे दगड. गादी गोऱ्याची."

खांबाला धरून मानकुवर पोटभर रडली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या कुंकवाला हात घालतो, माझ्या राज्याला हात घालतो! बघतेच आता."

साळुंकीबरोबर तिने निरोप धाडला, "महाराजांना सोडायचं काय घेशील?"

जादूगाराला गंमत वाटली. तो म्हणाला, "तीन कामं करा. एकमेकांचं तोंड न पाहणारे तीन गड एका झेंड्याखाली आणा. तळघरातल्या नागाकडून शापित खजिना रक्त न सांडता सोडवा. आणि धन्याचा हुकूम आणा. कारंज्याकाठून उठवत असेल तर बघा!"

आता त्या तीन गडांच्या तीन लेकी याच घरच्या सुना, धवलसेनाच्या राण्या होत्या, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? ती लग्नं रूप पाहून झालीच नव्हती. गडांचं वैर आवरायला झाली होती. मानकुवर एका गडाची, गोजरा दुसऱ्याची आणि येसू तिसऱ्याची. गोजरा नि येसू यांच्यामधून विस्तव जात नसे.

मानकुवर दोघींना म्हणाली, "भांडायचं ते दसऱ्यानंतर भांडा. आधी करंडे आणा."

त्या मुलखाची रीत अशी, की लेकीने कुंकवाचा रिकामा करंडा माहेरी धाडला की बापाने उष्ट्या हाताने उठून निघायचं. तीन करंडे घेऊन तीन घारी उडाल्या. तीन गड खाली उतरले. वाटेत बाप समोरासमोर आले, हात तलवारींवर गेले, पण लेकीचा रिकामा करंडा प्रत्येकाच्या कमरेला होता. मुकाट्याने तिघे एका झेंड्याखाली चालू लागले.

मग मानकुवर तळघरात उतरली. याच नागाने जादूगाराला फूत्काराने पिटाळलं होतं. पण नागपंचमीला जनान्यातल्या बायका त्याला भाऊ मानून उपास धरीत.

"दादा, बहिणीवर वेळ आलीय."

"जो खजिना स्वतःसाठी नेईल तो आंधळा होईल. तू कोणासाठी नेतेस?"

"दारात आलेल्या फौजेच्या जेवणासाठी. उरेल तो तळ्याच्या बांधासाठी."

नागाने वेटोळं सोडलं. "ने बाई. भावाची ओवाळणी समज."

दसऱ्याला, ऊन कलायच्या सुमारास, मानकुवर दरबारात आली. तिच्या हातात कागद होता. जादूगार हसला. "धनी दगड झालाय. हुकूम कोणाचा?"

"या राज्यात राजा बोलतो, तो नुसता शब्द. त्यावर जनान्यातलं मोर्तब उठलं की त्याचा हुकूम होतो. आजेसासूबाईंनी ते सासूबाईंना दिलं, सासूबाईंनी मला. दरबारातल्या कोणालाही विचारलं असतंस तर कळलं असतं. विचारलंस का?"

जादूगार चाचरला. "मी... चित्र पाहिलं होतं."

मानकुवरने मोर्तब उठवलेला कागद दगडाच्या छातीवर ठेवला. "उठा महाराज. हुकूम आहे."

कडाडकन आवाज झाला. दगडाचे तुकडे उडाले, विडा खाली पडला आणि राजाने श्वास घेतला. जादूगाराची विद्या तिथल्या तिथे विझली. त्याला गलबतात घालून परत धाडलं. तिकडे जाऊन त्याने काय सांगायचं ते सांगितलंच असेल!

राजा डोळे चोळत म्हणाला, "मी दगड होतो तेव्हा राज्य कोणी चालवलं?"

म्हातारा कोतवाल पुढे झाला. "महाराज, आपण नसताना त्यांनीच चालवलं, जे आपण असताना चालवतात."

राजाने मान खाली घातली. मग उठून त्याने भरदरबारात मानकुवरला मुजरा केला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता.

"पुरे झालं. तुमचे तिन्ही सासरे दारात उभे आहेत, आणि पहिला मान कोणाला यावरून आत्ताच कुरबूर सुरू झालीय. तुम्ही गादीवर बसा. मी बघते."