राजाकडे गहाण पडलेला बाप

"तुझा बाप मेला, तर माझे पैसे कोण फेडणार?" राजा उदयभानाने भर दरबारात विचारलं.

या राजाची तऱ्हाच न्यारी! प्रजेला घर बांधायला हौसेने कर्ज द्यायचं, घर गहाण ठेवून घ्यायचं आणि मग पैसे बुडतील या धास्तीने अंथरुणात तळमळत पडायचं. समोर उभी होती येसू, नारळ पाडणाऱ्या जानूची मुलगी. बापलेक लोकांच्या गोठ्याला टेकून राहत होते आणि त्यांना स्वतःचं घर हवं होतं.

"घराला आग लागली तर?"

"म्हणून तर कौलं घालतोय महाराज, झावळ्या नाही."

"पूर आला तर?"

"म्हणून टेकाडावर जागा घेतलीय."

"आणि बाप माडावरून पडला तर? कर्ज फिटेपर्यंत तो मरणार नाही, असं यमाकडून लिहून आण! नाहीतर दमडी मिळणार नाही!"

येसूने उलट विचारलं, "महाराज, शेळी गहाण पडली, तर तिला चारा कोण घालतं?"

"ठेवून घेणारा."

"आणि ती त्याच्या दावणीला मेली तर?"

"त्याचे पैसे बुडाले! राखणं त्याचं काम."

"मग घराबरोबर आबांनाही गहाण ठेवून घ्या. आपल्यासारखा राखणदार असताना यमाची काय बिशाद!"

राजा फुशारला. कागद झाला, पैसे मिळाले, भिंती उभ्या राहिल्या.

एके सकाळी राजाने सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि तो तसाच बाहेर धावला. गहाण ठेवलेला जानू उंच माडावर वाऱ्याने डुलत होता!

"उतरव त्याला!" तो माडाखाली उभ्या असलेल्या येसूवर ओरडला.

"उतरवते की. पण मग हप्ता कुठून देऊ?"

झाली पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी शिपायांनी राजाचीच गादी आणून माडाखाली ताणून धरली. शिपायांचा भरवसा काय? म्हणून एक कोपरा खुद्द राजाने धरला. वरून जानू ओरडायचा, "म्हाराज, वायच उजवीकडे!" जानू शिंकला की राजवैद्य काढा घेऊन धावायचा. एका नारळाने तर दिवाणजींची पगडी उडवली.

आठवड्यात राजा रडकुंडीला आला. गादी धरूनच म्हणाला, "पोरी, तुझा बाप परत घे!"

"घेते. पण मग ते पडले, तर घराचं काय?"

"घर माझं!"

येसूने वर माडाकडे पाहिलं. "महाराज, भीती मलाही वाटते. आबा माडावर चढले की खाली येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ते गेलेच, तर बसून रडायला तरी घर असू दे."

राजाने हातातला कोपरा सोडला. "मग माझ्या पैशांचं काय गं?" त्याने हळूच विचारलं.

"घरासाठी कर्ज काढलेले काय थोडे आहेत? प्रत्येकाने हप्त्याबरोबर एक नारळ जास्त द्यावा. सगळे काही एकदम मरत नाहीत! जो जाईल, त्याचं कर्ज त्या नारळांच्या राशीतून फेडा."

"आणि कोणीच मेलं नाही तर?"

"मग सोलकढी प्या आणि गाढ झोपा की, महाराज!"

राजा हसत सुटला. दिवाणजी हसले, गादी सोडून शिपाईही हसले. "शाब्बास! तुझं कर्ज माफ! आणि नारळांच्या कोठीची कारभारीणही तूच!"

तेवढ्यात माडाच्या शेंड्यावरून आवाज आला, "म्हाराज, मगे हसा! आधी गादी धरा!"