खळ वाळेपर्यंत

"पण उघडून पाहिल्याशिवाय कळणार कसं, आक्का?"

शाल्मलीचा हात पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या चाकावर होता. सगुणाआक्कांनी तिच्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा समोरचे छापील कागदांचे फर्मे दुमडायला घेतले.

शाल्मलीने हात मागे घेतला आणि उगाचच ओढणीला पुसला.

वाईत घाटामागच्या बोळात सगुणाआक्का जिनगरांचं बाइंडिंगचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हे दुकान मिटलं. आक्कांनी ते असं चालवलं की पुढे लोक नवऱ्याचंच नाव विसरले. शाल्मली तिथे शिकायला येऊन वर्ष होत आलं होतं. घरी सासूबाईंच्या मांडीवर लेक, इथे हिच्या मांडीवर पुस्तक.

शिवणीत तिचा हात धरील असं कुणी नव्हतं. असं आक्काच गिऱ्हाइकांना सांगत, आणि शाल्मली ऐकू न आल्यासारखं करून पुरतं ऐकून घेई.

म्हणून तर पहिलं अख्खं पुस्तक तिच्या हाती आलं होतं. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या घाटगे सरांचा जाडजूड नकाशासंग्रह. पाठ सुटलेली, पुठ्ठे लोंबणारे. वरच्या पुठ्ठ्यावर सरांच्या वडिलांनी शाईने सरांचं नाव घातलेलं. नातीला द्यायचाय, नाव तेवढं जपा, एवढंच सर म्हणाले होते.

शिवण झाली तेव्हा आक्कांनी पाठीवरून बोट फिरवून नुसतं "हं" म्हटलं. आक्कांचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाचा हारतुरा.

घोटाळा पुढे झाला.

पुठ्ठ्याला आतून अस्तराचा कागद खळीने चिकटवायचा, पुस्तक मिटायचं, प्रेसमध्ये दाबून ठेवायचं, आणि खळ वाळेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. एवढंच. आणि नेमकं एवढंच शाल्मलीला जमेना. कागदाला सुरकुती पडली असेल का... खळ आत ओघळली असेल का... तिने चाक सैल केलं आणि पुठ्ठा हळूच उचलून पाहिला.

सुरकुती नव्हती. उचलल्यामुळे पडली.

आक्कांनी ओलं फडकं लावून अस्तर सोडवलं आणि नवं लावायला दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या खेपेला अस्तराबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्राही निघाला. आता परत भिजवला तर पुठ्ठा हातात राहायचा नाही, नावासकट जाईल, आणि तू परत फर्मे दुमडायला बसशील, असं आक्कांनी सांगितलं. रागावून नव्हे. आमटीत मीठ जास्त झालंय, असं सांगावं तसं.

"बाळ झोपलंय की नाही बघायला त्याला हलवतेस होय गं?" वर हेही विचारलं होतं.

शाल्मली ओशाळली, कारण खरं तेच होतं. पाळण्यात वाकून ती लेकीच्या नाकापुढे बोट धरायची. श्वास चाललाय हे कळून जीव भांड्यात पडायचा, तोवर लेक टक्क जागी. हे तिने आक्कांना कधी सांगितलं नव्हतं.

आज तिसऱ्यांदा अस्तर लावून पुस्तक प्रेसमध्ये गेलं होतं. दुपार कलली. तिने सुया लावून ठेवल्या, दोरे गुंडाळले, कापडाचे तुकडे उगाच इकडचे तिकडे केले. शेवटी राहवेना.

"आक्का, एकदाच. एका कोपऱ्यातून..."

आक्का काम बाजूला ठेवून प्रेससमोरच्या लाकडी बाकावर जाऊन बसल्या होत्या. हलल्या नाहीत.

शाल्मली चिडलीच. तुम्हाला काही वाटतच नाही, म्हणाली. इतकी वर्षं झाली, तुमचं मन लोखंडाचं झालंय. मला ते या जन्मात जमायचं नाही. मी जाते घरी, पुस्तक तुम्हीच काढा.

आक्कांनी मांड्यांखाली दाबलेले हात बाहेर काढले आणि तिच्यापुढे धरले.

दोन्ही तळव्यांवर बाकाच्या पट्ट्यांचे लाल वळ उमटले होते.

"तुम्हालासुद्धा?"

"रोज."

"मग हे जातं कधी?"

आक्कांनी हात पुन्हा मांड्यांखाली सारले आणि सरकून बाकावर जागा करून दिली.

शाल्मली बसली. तिनेही हात खाली घातले. पट्ट्या रुतल्या. बोळातून कल्हईवाला ओरडत गेला. घरी लेक आता उठली असेल, दूध प्यायली असेल, किंवा नसेल. प्रेसमध्ये कागद नीट बसला असेल, किंवा नसेल... तिने एकदा आक्कांकडे पाहिलं. आक्का चाकाकडे पाहत होत्या, तिच्याइतक्याच आशाळभूतपणे. शाल्मलीला हसू आलं. आक्कांनाही आलं.

बराच वेळ गेला.

"आक्का, आता वाळलं असेल ना?"

आक्कांनी तिच्या हातांकडे पाहिलं. म्हणजे ते जिथे दिसायला हवे होते तिथे.

"आत्ता कुठं वाळायला लागलंय."