समोरच्या घरचा दोरा

“छत्री मिटा, पोट आत घ्या आणि एकामागं एक या. बोळ आहे हा, पटांगण नव्हे!”

गोदाकाठच्या जुन्या शहरात साळ्यांच्या बोळाच्या तोंडाशी दशरथमामा पाहुण्यांना असंच दरडावून आत घेतात. हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या घरांना लागतात. इकडे फोडणी पडली की ठसका समोरच्याला. तुम्हाला ही अडचण वाटेल. मामांना विचाराल तर इथं जन्म मिळायला पूर्वपुण्याई लागते. मग ते ओट्यावर टेकतात आणि म्हाळसेची गोष्ट काढतात.

फार मागे, म्हणे, या बोळात म्हाळसा नावाची साळीण राहायची. देवानं हाताला कसब भरभरून दिलं, कूस मात्र रिकामी ठेवली. उपास झाले, अंगारेधुपारे झाले. शेवटी ती भवानीला नवस बोलली: माझ्या हातचं रेशमी लुगडं तुला नेसवीन, ताण्यात एकही गाठ येऊ देणार नाही, पण माझी ओटी भर.

समोर राहायची गोजरा. दोघींचं हाडवैर. कारण काय, तर गोजराच्या पन्हाळीचं पाणी एकदा म्हाळसेच्या विणकामावर पडलं होतं. त्यावरून जे वाजलं ते वाजलं! “तुझा उंबरा ओलांडीन तर साळ्याची लेक नाही,” असं म्हाळसा भर बोळात बोलून बसली. आणि पुढं दिवस गेले ते नेमके गोजराला! म्हाळसेच्या जिवाला काय वाटलं असेल, सांगायला नको. समोर डोहाळे पुरवले जायचे आणि ही दार लोटून बसायची.

नवसाचा ताणा तिनं एका सकाळी बोळात लावला. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ते लांब ताणून खळ लावून वाळवतात. घरात एवढी जागा कुठली? म्हणून बोळच. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं रेशीम, खाली आधाराच्या काठ्या. तो वाळेपर्यंत बोळात कुणी पाऊल घालायचं नाही, हा साळ्यांचा रिवाज.

आणि गोजराला कळा लागल्या. दिवस भरले नव्हते, त्यात मूल आडवं. सुईण ठकूबाई धावत आली ती बोळाच्या तोंडाशीच अडली. लावलेला ताणा कापणं म्हणजे साळ्याला घरातलं माणूस गेल्यासारखं. आतून गोजराचा आवाज बारीक होत चालला.

“म्हाळसे, ताणा तुझा. तूच सांग बाई,” ठकूबाई म्हणाली.

म्हाळसा दारात उभी होती. न झालेलं लेकरू तिला त्या धाग्यांत दिसत होतं. ती रडली म्हणतात, मोठ्यानं, कुणाची लाज न बाळगता. मग आतून विळा आणला आणि सगळं रेशीम सपासप कापून काढलं.

“बघतेस काय, चल की!” असं म्हणत काठ्या लाथाडत तीच पुढं झाली आणि ठकूबाईच्या आधी गोजराचा उंबरा ओलांडून गेली.

पोर जगलं, आईही जगली. ठकूबाईनं पोराला न्हाऊ घालून म्हाळसेच्या मांडीवर दिलं. म्हाळसेच्या पदराला कापलेला एक धागा चिकटला होता, तो तिनं त्या इवल्या मनगटात बांधला, चांगली गाठ मारून.

पुढं म्हाळसेला मूल झालं का, हे पाहुणे हमखास विचारतात. “नाही झालं,” मामा म्हणतात. “उगाच गोड करून कशाला सांगू?”

पण आजही बोळात मूल जन्मलं की घुटी नंतर, आधी समोरच्या घरच्या हातमागाचा दोरा. तो बांधणारी बाई त्या पोराची समोरची आई. रस्ता रुंद करणारे मोजमाप घ्यायला आले, तेव्हा याच बायांनी त्यांना पिटाळलं. समोरचं घर लांब गेलं तर पोर रडलेलं ऐकू कसं यायचं? पटत नसेल तर इथल्या कुठल्याही रांगत्या पोराला विचारा, आई कुठंय म्हणून. ते आधी समोरच्या दाराकडं बोट करतं.