डब्यातली भाकर

एका गावात एक लहानसं चर्च होतं. मंडळी बेताचीच, पण तिचा कारभार पाहायला वडील, म्हणजे चर्चचे पंच, निवडायचे म्हटलं की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखी धामधूम उडायची. त्या वर्षी गिरणीवाले विल्यमराव उबाळे वडील म्हणून निवडून आले. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही त्यांच्या अंगावरचा कोट उतरला नाही. चर्चमध्ये सगळ्यांच्या समोर, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या शेजारी, त्यांना हातांची खुर्ची मिळाली. येशूच्या आठवणीसाठी मंडळीत वाटायच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट घेऊन ते बाकांमधून असे चालत की जणू वरातच निघाली आहे.

वडिलांचं आणखी एक काम होतं. ते मात्र कुणाला दिसत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भाकर आणि द्राक्षरस डब्यातून पोचवायचा. गावात असं एकच घर होतं, ओढ्यापलीकडच्या रिबेकाआजीचं. तिचे गुडघे गेले होते आणि जवळचं कुणी उरलं नव्हतं. प्रभूची भाकर येईपर्यंत त्या दिवशी ती चहाचा घोटसुद्धा घेत नसे.

सुरुवातीला विल्यमराव नेमाने गेले. मग एका पहिल्या रविवारी जिल्ह्याहून चर्चचे मोठे पाहुणे आले. उपासनेनंतर मटणाचं जेवण होतं. पाहुण्यांच्या शेजारचं पान कोण सोडणार? डबा पिशवीत राहिला आणि पिशवी खुंटीला. जेवण अंगावर आलं, ऊनही कडक होतं. पुढच्या महिन्यात जाऊ की, असं म्हणून विल्यमराव घरी जाऊन आडवे झाले.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी विचारलं, "आजींना पोचलं ना?"

"पोचलं की! आजींनी तुम्हाला सलाम सांगितलाय," विल्यमराव म्हणाले. खोटं एवढं सहज बोलले की त्यांचं त्यांनाच काही वाटलं नाही.

त्या आठवड्यात पाळकसाहेब आजीकडे प्रार्थनेला गेले. बोलता बोलता म्हणाले, "रविवारी विल्यमराव येऊन गेले, बरं झालं." आजी चपापली आणि तो रविवार पुन्हा पुन्हा आठवून पाहू लागली.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. भाकर वाटायची वेळ झाली आणि शेजाऱ्यांनी रिबेकाआजीला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं. विल्यमराव ताट घेऊन तिच्यासमोर आले, तेव्हा तिने हात पुढे केला नाही.

"मंडळी, माझ्या हातून पाप झालंय," ती म्हणाली. "गेल्या खेपेला वडील प्रभूची भाकर घेऊन माझ्या दारी आले, आन् म्या निजले व्हते. मला वाटतंय म्या दारातच बसून व्हते, दिवस मावळंपत्तुर. पर डोळा लागला आसंल. वडील कशाला खोटं बोलत्याल? त्यांनी माझी लाज राखली, पोचलं म्हनून सांगितलं. आता म्या ही भाकर घ्यावी का न्हाई, त्ये त्यांनीच सांगावं."

चर्चभर कुजबुज झाली. "काय मोठ्या मनाचे वडील!" कुणीतरी म्हणालं. सांगायलाही लाज वाटते, पण ते ऐकून क्षणभर विल्यमरावांना बरंच वाटलं. नुसतं "घ्या, आजी" म्हटलं की झालं. खरं काय ते कुणालाही कधी कळणार नव्हतं.

पण आजी मान खाली घालून बसली होती. जे पाप तिने केलंच नव्हतं, त्याची ती माफी मागत होती. विल्यमरावांनी पुढे केलेलं ताट मागे घेतलं.

"आजी, तुम्ही जाग्याच होतात," ते म्हणाले. "मीच आलो नाही. मी पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवत होतो. वर खोटंही बोललो."

आजीने मान वर केली. ती रागावली नाही. फक्त विचारलं, "मंग दिवसभर म्या कुनाची वाट पाहात व्हते?"

विल्यमरावांनी ताट पाळकसाहेबांच्या हाती दिलं आणि दाराजवळ चपला काढतात तिथे जाऊन बसले. आजीने भाकर घेतली. विल्यमरावांनी त्या दिवशी घेतली नाही.

उपासनेनंतर ते पाळकसाहेबांना म्हणाले, "मला या कामातून मोकळं करा."

"खुर्ची सोडायची तर खुशाल सोडा," पाळकसाहेब म्हणाले. "डबा मात्र तुमच्याकडेच राहील."

पुढच्या पहिल्या रविवारी विल्यमराव कोट न घालता, उपाशीपोटी, भर उन्हात ओढा ओलांडून गेले. रिबेकाआजी दारातच बसली होती, टक्क जागी.

"या, वडील," ती म्हणाली.

आजवर हाच शब्द ऐकून त्यांची छाती फुगायची. त्या दिवशी तो ऐकला आणि त्यांना मान वर करवेना.

तात्पर्य: मंडळी निवडून देते ती खुर्ची. वडीलपण मात्र आपली वाट पाहत उपाशी बसलेल्या माणसाच्या दारात ठरतं. तिथे जो पोचला नाही, त्याने मिळालेल्या मानाची लाज बाळगावी.